रिकामी ओळ : हॉवर्ड विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे दोन अंतिम सामने



१९७१ साल म्हटलं की माझ्या वयाच्या मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात. डिसेंबरातलं युद्ध आणि त्याआधी, मार्चमधलं पोर्ट ऑफ स्पेन. वाडेकरांच्या संघानं त्रिनिदादच्या त्या मैदानावर वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं. गावसकरांची ती पहिलीच कसोटी, ६५ आणि नाबाद ६७. ते कोणीही, कधीही, कुठल्याही वहीतून खोडू शकत नाही, असं आपण धरून चालतो.

आजचा विषय त्याच वर्षातला आहे आणि त्रिनिदादशीच जोडलेला आहे, पण खेळ फुटबॉलचा आणि देश अमेरिका. तिथल्या एका विद्यापीठाच्या संघानं ३० डिसेंबर १९७१ रोजी अंतिम सामना ३-२ असा जिंकला, आणि पुढे तो विजय अधिकृत नोंदीतून काढून टाकण्यात आला. ज्यांनी तो सामना डोळ्यांनी पाहिला त्यांनी मग काय समजायचं? प्रश्न साधा दिसतो, पण मला तो इतिहासाचा आणि तत्त्वज्ञानाचा, दोन्हींचा वाटतो.

आधी विद्यापीठ समजून घेऊ. वॉशिंग्टनमधलं हॉवर्ड विद्यापीठ १८६७ साली, म्हणजे गुलामगिरी संपल्यानंतर दोनच वर्षांनी, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालं. आपला त्याच्याशी एक धागा आहे. तिथल्या धर्मशास्त्र विभागाचे प्रमुख बेंजामिन मेज १९३६-३७ च्या हिवाळ्यात वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते, अहिंसेबद्दल त्यांना प्रश्न विचारून गेले होते. हेच मेज पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांचे गुरू झाले. आणि याच विद्यापीठात थरगुड मार्शल कायदा शिकले. १९५४ साली शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धचा खटला त्यांनी सर्वोच्च न्यायालयात जिंकला. अन्याय्य वाटणाऱ्या नियमाला न्यायालयात आव्हान देणं ही या विद्यापीठाची जुनी रीत आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९७० साली हॉवर्डच्या फुटबॉल संघाला लिंकन फिलिप्स हे प्रशिक्षक मिळाले. हे त्रिनिदादचे. तिथल्या राष्ट्रीय संघाचे गोलरक्षक, नंतर वॉशिंग्टन डार्ट्स या व्यावसायिक संघाचे गोलरक्षक आणि प्रशिक्षक. त्यांच्या हाताखालचे बहुतेक खेळाडूही परदेशी विद्यार्थी होते. कोणी त्रिनिदादचा, कोणी जमैकाचा, कोणी पश्चिम आफ्रिकेतला. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ तेव्हाच्या अमेरिकेत तसा परकाच. हॉवर्डमधल्या बहुसंख्य अमेरिकन विद्यार्थ्यांनाही तो नवा होता. थोडक्यात, परक्या मुलांनी आणलेला परका खेळ. पण १९६८ साली किंग यांची हत्या झाली होती, वॉशिंग्टन शहर जळलं होतं, त्याच वर्षी हॉवर्डच्या विद्यार्थ्यांनी प्रशासनाच्या इमारतीचा ताबा घेतला होता. अशा काळात हा संघ एकेक सामना जिंकत जातो, तेव्हा बाजूला उभा राहून पाहणारा नुसता प्रेक्षक राहत नाही. तो म्हणू लागतो, ‘आपण’ जिंकलो. खेळाडू जिंकले असं तो म्हणत नाही, आपण म्हणतो. चाहता नावाचा प्राणी या एका सर्वनामातून जन्माला येतो.

आता स्पर्धेची पद्धत. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम शरद ऋतूत असतो. तो संपला की निवडक संघांना राष्ट्रीय स्पर्धेत घेतात. ती बाद पद्धतीची, हरलात की घरी. तिचं नियंत्रण एनसीएए ही संघटना करते. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा चालवणारी मंडळं असतात, तसंच. फक्त अधिकार आणि पैसा कितीतरी पट जास्त. फुटबॉलची ही स्पर्धा १९५९ साली सुरू झाली आणि १९७० पर्यंतच्या बारा वर्षांत सेंट लुईस विद्यापीठानं ती आठदा जिंकली, त्यातली एकदा विभागून. सेंट लुईस हे शहरच फुटबॉलवेडं. तिथल्या चर्चच्या आवारात, गल्लीतल्या क्लबांत मुलं लहानपणापासून खेळायची.

हॉवर्ड १९७० साली उपांत्य फेरीपर्यंत गेलं आणि लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाकडून ४-३ असं हरलं. पुढच्या वर्षी उपांत्य सामन्यात त्यांनी हार्वर्डला १-० असं हरवलं. हॉवर्ड आणि हार्वर्ड, नावं जवळची, पण अमेरिकन समाजात दोघांच्या पायऱ्या किती लांब, हे मी सांगायला नको. मग मायामीच्या ऑरेंज बोल मैदानावर सेंट लुईसविरुद्ध ३-२. कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या विद्यापीठानं संघटनेचं सर्वोच्च पातळीवरचं अजिंक्यपद जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

आणि मग चौकशी सुरू झाली. खेळाडूंच्या पात्रतेवर आक्षेप आले. नियम तीन होते, ते नीट समजून घेऊ.

पहिला, परदेशी विद्यार्थ्यांचा नियम. एखादा परदेशी मुलगा एकोणीस वर्षांचा झाल्यानंतर आपल्या देशात फुटबॉल खेळला असेल, तर खेळलेलं प्रत्येक वर्ष त्याच्या महाविद्यालयीन पात्रतेतून वजा. हा नियम फक्त परदेशी नागरिकांना. दुसरा, पाच वर्षांचा नियम : महाविद्यालयात पहिल्यांदा नाव घातल्यापासून पाच वर्षांच्या आत पात्रता संपवायची. आणि तिसरा, १.६०० चा नियम. विद्यार्थ्याला प्रवेश देतानाच शाळेतले गुण आणि प्रवेश परीक्षा यांवरून तो कॉलेजात किमान १.६०० सरासरी गुणांक मिळवील, असं भाकीत करता आलं पाहिजे. म्हणजे मुलगा कॉलेजात प्रत्यक्ष किती गुण मिळवतो आहे हा प्रश्नच नाही, भाकीत केलं होतं की नाही हा प्रश्न. आता पोर्ट ऑफ स्पेनच्या शाळेतून आलेल्या मुलाकडे अमेरिकन प्रवेश परीक्षेचा निकाल कुठून असणार?

संघटनेनं निकाल दिला : १९७१ चं विजेतेपद रद्द. शिवाय १९७३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घ्यायला बंदी.

हॉवर्ड न्यायालयात गेलं. १९७३ साली वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयानं म्हटलं की परदेशी विद्यार्थ्यांचा नियम घटनाबाह्य आहे, कारण तो परकीय नागरिकांना वेगळी वागणूक देतो. १९७५ साली अपील न्यायालयानं हे कायम केलं. पण उरलेले दोन नियम दोन्ही न्यायालयांनी वैध ठरवले. त्यामुळे विजेतेपद परत आलं नाही. इथे मला प्रामाणिक राहिलं पाहिजे. हॉवर्ड सगळं बरोबर आणि संघटना सगळी चूक, अशी सोपी गोष्ट सांगायचा मोह मलाही होतो. तशी ती नाही. नियम होते, त्यांतले काही मोडले गेले होते. पण हेही खरं की १.६०० चा नियम १९७३ साली संघटनेनं स्वतःच रद्द केला. म्हणजे तीन नियमांपैकी एक न्यायालयानं काढला, एक संघटनेनंच सोडून दिला, शिक्षा मात्र तशीच राहिली.

आता थोडं विषयांतर वाटेल, पण नाही. सेंट लुईसचे प्रशिक्षक होते हॅरी कीओ. ते स्वतः १९५० च्या विश्वचषकात अमेरिकेकडून खेळले होते. त्या स्पर्धेत अमेरिकेनं इंग्लंडला १-० असं हरवलं. अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला विजय. त्या संघात एकट्या सेंट लुईस शहरातले पाच जण होते. गोल कोणी केला? जो गेटजेन्स यानं. तो हैतीचा, न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात, म्हणजे आपल्या बाबासाहेबांच्या कोलंबियात, शिकायला आलेला. अमेरिकेचा नागरिक तो तेव्हा नव्हता आणि नंतरही झाला नाही. त्याच्या पात्रतेवर तेव्हाही आक्षेप आला होता, आणि तो फेटाळला गेला. तो विजय वहीत आहे. कॅरिबियन बेटावरून आलेला विद्यार्थी देशासाठी गोल करतो तेव्हा नियम वाकतो, आणि तसाच विद्यार्थी हॉवर्डसाठी गोल करतो तेव्हा तो ताठ उभा राहतो. यात कीओंचा काही दोष नाही. पण इतिहास असा दोन पानं शेजारी ठेवून वाचावा लागतो.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. मायामीत जो प्रेक्षक बसला होता त्यानं काय पाहिलं? चेंडू तीनदा एका जाळीत गेला, दोनदा दुसऱ्या. ते प्रत्यक्ष आहे. पाच वर्षांचा नियम मैदानावर दिसत नाही, गुणांकाचं भाकीत दिसत नाही. ते कागदावर असतं, ते शब्द. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. एक, घटना. दुसरी, पदवी. ‘हॉवर्डनं तीन गोल केले’ ही घटना. ‘हॉवर्ड विजेता आहे’ ही पदवी. पदवी संस्था देते, तिला ती काढूनही घेता येते. मी विद्यापीठात आयुष्य काढलं आहे, पदवी देणं आणि काढणं दोन्ही पाहिलं आहे. घटना मात्र कोणी दिलेली नसते, म्हणून कोणी काढून घेऊ शकत नाही.

न्यायदर्शनात अभावाचे प्रकार सांगितले आहेत, त्यांतले दोन इथे उपयोगी पडतात. मडकं घडण्यापूर्वी त्याचा जो अभाव असतो तो प्रागभाव. त्याला सुरुवात नाही, पण शेवट आहे; मडकं घडलं की तो संपला. मडकं फुटल्यावर जो अभाव येतो तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. गंमत अशी की दोन्ही वेळा मडकं नसतंच. फळीवर पाहिलंत तर दोन्हीकडे रिकामी जागा. पण एक ‘अजून नाही’ आणि दुसरं ‘आता नाही’. संपलेला प्रागभाव कुठल्याही उपायानं परत आणता येत नाही. मडकं फोडता येतं, न घडलेलं करता येत नाही. नोंद रद्द करणाऱ्याला नेमकं तेच करायचं असतं. ‘होतं, पण काढलं’ हे त्याला नको असतं, त्याला ‘नव्हतंच’ हवं असतं.

पण इथे थांबलो तर चाहत्यावर अन्याय होईल. कारण चाहत्याला नुसती आठवण पुरत नाही. पुरली असती तर १९७४ घडलं नसतं.

१९७२ साली हॉवर्ड पुन्हा उपांत्य फेरीत आलं आणि सेंट लुईसकडूनच २-१ असं हरलं. १९७३ साली बंदी, खेळायचंच नाही. मध्यंतरी सेंट लुईसनं आणखी दोन अजिंक्यपदं घेतली. मग १९७४. हॉवर्ड त्या हंगामात एकही सामना हरलं नाही, एकही बरोबरीत सुटला नाही. उपांत्य फेरीत हार्टविकला २-१. आणि अंतिम सामना कोणाशी? सेंट लुईसशी. कुठे? सेंट लुईस शहरात, बुश स्टेडियमवर. म्हणजे पंढरपुरात जाऊन वारकऱ्यांना अभंग ऐकवण्यासारखं. ठरलेल्या वेळेत १-१. जादा वेळ. पुन्हा जादा वेळ. एकूण चार जादा सत्रं लागली. चौथ्यात केनेथ इलोडिग्वे या नायजेरियन खेळाडूनं गोल केला. २-१. त्या वर्षाचा हिशेब : १९ सामने, १९ विजय.

अशा सामन्यात जादा वेळात चाहत्याला काय वाटत असेल, ते तुम्हाला माहीत आहे. आपल्यापैकी प्रत्येकानं कधी ना कधी रेडिओला कान लावून ते भोगलं आहे. पण हॉवर्डच्या माणसांच्या त्या वाट पाहण्यात एक जास्तीची गोष्ट होती. त्यांना एक सामना दोनदा जिंकायचा होता. पहिला जिंकला हे त्यांना ठाऊक होतं. पण ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं, वही ते मानत नव्हती. आपल्याला जे माहीत आहे ते दुसऱ्यानं, आणि तेही अधिकार असलेल्या दुसऱ्यानं, मान्य करावं ही भूक माणसाला असते. ती अहंकाराची नाही. ज्या समाजाला शतकानुशतकं ‘तुम्ही इथले नाही, तुमची नोंद नाही’ असं सांगितलं गेलं, त्याला ती जास्त असते. मान्यतेची भूक म्हणजे आपल्या प्रत्यक्षाला साक्षीदार मिळावा ही भूक.

१९७४ चं विजेतेपद वहीत आहे, ते कोणी काढलं नाही. फिलिप्स यांच्या त्या संघावर २०१६ साली माहितीपटही निघाला.

आणि १९७१ ? वही उघडलीत तर त्या वर्षासमोर विजेत्याची जागा रिकामी आहे. हे फार महत्त्वाचं आहे. ती जागा सेंट लुईसला दिलेली नाही. तिथे लिहिलं आहे, विजेतेपद रद्द. आता आपले नैयायिक काय म्हणतात पाहा. अभाव नुसता नसतो, तो नेहमी कशाचा तरी अभाव असतो. ज्याचा अभाव, त्याला ते प्रतियोगी म्हणतात. प्रतियोगी माहीत नसेल तर अभावाचं ज्ञानच होत नाही. म्हणून ती रिकामी ओळ वाचणारा प्रत्येक माणूस विचारतोच, इथे कोण होतं? आणि विचारलं की उत्तर एकच येतं.

हॉवर्डचं नाव पुसण्यासाठी केलेली रिकामी जागा त्याच नावाकडे बोट दाखवत राहते. संघटनेनं ‘नव्हतंच’ लिहायला घेतलं आणि लिहून बसली ‘होतं, पण आता नाही’. त्या दिवशी मायामीत जे बसले होते, त्यांना याहून वेगळं काही म्हणायचं नव्हतं.