पदवी, जात आणि उद्योगसंस्थांतील अधिकारपदे : नांदेड-लातूरच्या इतिहासाच्या संदर्भात

हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले, तेव्हा नांदेड शहरात अथवा त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या लातुरात पदवीपर्यंतचे शिक्षण देणारे एकही महाविद्यालय नव्हते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी भाषिक विद्यार्थ्यापुढे अंतर आणि भाषा असे दोन अडथळे उभे असत. अस्पृश्य समाजातील विद्यार्थ्यापुढे जातीचा तिसरा अडथळा असे. ही कोंडी १९५० साली फुटू लागली. त्या वर्षी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातुरात १९६१ साली दयानंद आणि १९७० साली राजर्षी शाहू महाविद्यालय निघाले.

पदवीमुळे पात्रतेचा प्रश्न सुटतो, परंतु प्रवेशाचा प्रश्न सुटतोच असे नाही, याचा अनुभव औरंगाबादच्या या महाविद्यालयाच्या संस्थापकांनी स्वतः घेतला होता. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यास राहावयास जागा मिळू शकली नाही. पुढे मुंबईत त्यांनी शेअर-व्यवहारांविषयी सल्ला देणारी पेढी काढली. तथापि चालकाची जात कळताच गिऱ्हाईक तुटले, असे चरित्रकार नमूद करतात. जगातील एका श्रेष्ठ विद्यापीठाची पदवीसुद्धा व्यापारातील विश्वासाची जागा घेऊ शकली नाही, असाच या प्रसंगाचा अर्थ होतो.

नवशिक्षितांची पहिली पिढी प्रामुख्याने शासकीय सेवेत आणि शिक्षकी पेशात गेली. संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदातील आरक्षणाची तरतूद राज्याच्या सेवेपुरती आहे. खाजगी कंपन्यांना ती लागू नाही. पदवीला सामाजिक प्रतिष्ठेच्या दृष्टीने केवढे मोल आले होते, हे नामांतराच्या लढ्यावरून ध्यानात येते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव संमत करताच नांदेड जिल्ह्यासह मराठवाड्यातील अनेक खेड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत हा प्रश्न धुमसत राहिला.

याउलट व्यापार-उद्योगातील सत्तेचा मार्ग विद्यापीठाच्या दारावरून जात नव्हता. १९११ साली बार्शी लाईट रेल्वे लातुरास पोहोचली आणि तेथील बाजारपेठ विस्तारली. अडतीचा धंदा भांडवल, पत आणि नात्यागोत्याचा भरवसा यांवर चाले, आणि तो बापाकडून मुलाकडे येई. ज्या समाजाच्या वाट्यास ना जमीन आली ना दुकान, त्यास ही पत पदवीने मिळण्याजोगी नव्हती. १९९१ नंतर आर्थिक धोरण बदलून खाजगी क्षेत्राचे महत्त्व वाढले, तेव्हा ही उणीव अधिक तीव्रतेने जाणवू लागली.

तिचे मोजमाप पुढील संशोधनाने केले. मिलिंद महाविद्यालयाचेच माजी विद्यार्थी असलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल अॅटवेल यांच्यासह २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना उत्तरादाखल त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले होते. शैक्षणिक पात्रता समान असूनही दलित आडनावाच्या उमेदवारास बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश भरली. अजित, डोंकर व सक्सेना यांनी २०१२ साली एक हजार मोठ्या कंपन्यांची संचालक मंडळे तपासली. तीत सुमारे ९३ टक्के संचालक पुढारलेल्या जातींचे आढळले. अनुसूचित जाती-जमातींचा वाटा ३.५ टक्के होता. अर्थात या पाहणीत जात आडनावावरून ठरविली होती. मराठवाड्यात जाधव, गायकवाड यांसारखी आडनावे मराठा व दलित या दोन्ही समाजांत आढळतात. यास्तव आकड्यांत काही चूक संभवते. परंतु तफावत एवढी मोठी आहे की, निष्कर्षाची दिशा त्यामुळे बदलत नाही.

अमेरिकेतील वर्णभेदाशी या स्थितीची तुलना लातूरला अपरिचित नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य आणि पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला आहे. तिकडे क्लिफ्टन व्हार्टन हे कृष्णवर्णीय गृहस्थ १९८७ साली एका अतिविशाल निवृत्तिवेतन संस्थेचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांच्यापाशी हार्वर्ड आणि शिकागो येथील पदव्या होत्या. दुसऱ्याने उभारलेल्या संस्थेत उच्चपद मिळविण्याचा तो मार्ग होता.

मराठवाड्यातील ठळक उदाहरण निराळे आहे. लातूर जिल्ह्यात जन्मलेले मिलिंद कांबळे यांनी नांदेडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतली, स्वतःचा बांधकाम व्यवसाय उभा केला आणि २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांचे वाणिज्य मंडळ स्थापिले. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे जम्मूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. ज्या संस्थांच्या पदव्या कंपन्यांच्या उच्चपदांची किल्ली समजल्या जातात, त्यांपैकी एकीचे अध्यक्षपद नांदेडच्या पदविकाधारकाकडे गेले. मात्र ते कोणा कंपनीत बढती मिळून नव्हे, तर तिच्याबाहेर स्वतःचा उद्योग उभारून.

एका उदाहरणावरून सर्वसाधारण सिद्धांत काढणे योग्य नव्हे. तथापि २०१२ च्या शासकीय खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी ४ टक्के खरेदी राखून ठेवण्यात आली, तीत हीच दिशा दिसते. १९५० साली प्रश्न महाविद्यालयाच्या अभावाचा होता. त्याचे उत्तर नांदेड-लातूरने बऱ्याच अंशी दिले. पदवीधरास पत आणि विश्वास कोण देणार, हा त्यापुढचा प्रश्न होय, आणि त्याचे उत्तर एकट्या विद्यापीठाला देता येण्यासारखे नाही.