कळफलक आणि नागरीची गती

काशीच्या कचहरीच्या आवारात मांडलेल्या टंकयंत्रांचा खडखडाट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तो आता विरळ झाला आहे. पण गंमत अशी, की संगणकाच्या जमान्यात तोच आवाज नव्या रूपाने परत येत आहे. प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग व खटका असलेला 'मेकॅनिकल कीबोर्ड' आमच्या एका तरुण सहकाऱ्याने पदरचे पैसे खर्चून कार्यालयात आणला. त्यावर वेग वाढतो आणि चुका घटतात, असे त्याचे ठाम म्हणणे. ज्यांच्या भाकरीचा मार्ग टंकलेखनाच्या परीक्षेतून जातो, त्या आम्हां कारकुनांना हा प्रश्न निव्वळ हौसेचा नाही. त्याचे उत्तर शोधताना मात्र थोडे मागे वळून पाहणे इष्ट. आणि तो मागचा रस्ता आमच्या याच शहरातून जातो.

१८९३ साली श्यामसुंदरदास, रामनारायण मिश्र व शिवकुमार सिंह या विद्यार्थ्यांनी काशीत नागरीप्रचारिणी सभा स्थापन केली. त्या काळी या प्रांताच्या न्यायालयांत फार्सी लिपीचे राज्य होते. १८९८ साली पंडित मदनमोहन मालवीय यांनी नागरीच्या बाजूचे निवेदन लेफ्टनंट गव्हर्नर मॅकडॉनेल यांच्यापुढे ठेवले, आणि १८ एप्रिल १९०० च्या आज्ञेने नागरीला कचेरीत प्रवेश मिळाला. दार उघडले खरे. पण आत गेल्यावर तिची गाठ एका परक्या यंत्राशी पडायची होती. १८७४ पासून रेमिंग्टनने बाजारात आणलेले टंकयंत्र रोमन लिपीच्या सव्वीस अक्षरांच्या मापाने बेतलेले होते.

त्या मोजक्या कळींवर आपले स्वर, व्यंजने, मात्रा आणि जोडाक्षरे बसवायची कशी? यंत्रकारांनी युक्ती काढली. अर्ध्या अक्षराला एक कळ दिली आणि काना वेगळा ठेवला. त्यामुळे 'खाण' हा दोन अक्षरी शब्द उमटवण्यास अर्धा ख, काना, पुन्हा काना, अर्धा ण आणि शेवटी आणखी एक काना, असे पाच ठोके द्यावे लागत. ऱ्हस्व इकार तर व्यंजनाच्या आधी ठोकावा लागे. जिभेवर जे मागून येते ते बोटांनी आधी उच्चारायचे! नागरीचा टंकलेखक मंद ठरला, त्यात त्याच्या बोटांचा दोष थोडाच होता.

दोष यंत्राचा नसून लिपीचाच आहे, असेही पुष्कळांना वाटले. मराठी वाचकांना सावरकरांची 'अ'ची बाराखडी आठवेलच. संयुक्त प्रांताच्या सरकारने १९४७ साली काशी विद्यापीठाचे आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली लिपिसुधार समिती नेमली. १९५३ च्या लखनौ परिषदेत तर ऱ्हस्व इकार उजवीकडे लिहावा, असे ठरले. लोकांच्या डोळ्यांना तो रुचला नाही आणि निर्णय पुढे मागे घ्यावा लागला. यंत्रासाठी लिपी वाकवण्याचा प्रयत्न फसला तो असा.

लिपी वाकली नाही. शेवटी यंत्रच बदलले. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली 'इन्स्क्रिप्ट' हा कळफलक प्रमाणित केला. त्यात मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, क आणि ख एकाच कळीवर, इकार व्यंजनानंतर. 'खाण' आता तीन ठोक्यांत उमटते, मग त्यातले दोन शिफ्टसह का असेनात. पण जुन्या मांडणीवर ज्यांनी आयुष्य घालवले होते, त्यांचे काय? त्यांची बोटे एका दिवसात निरक्षर झाली. यंत्र अधिक सोयीचे झाले आणि निष्णात माणूस पुन्हा उमेदवार बनला. या हानीची नोंद कोणत्याही फाइलीत सापडत नाही.

आता सहकाऱ्याच्या कीबोर्डाकडे येऊ. त्याची कळ सुमारे ४ मिलिमीटर खाली जाते आणि निम्म्या वाटेवरच अक्षर उमटते. खटका बसला की बोटाला ते कळते. त्यामुळे अक्षर निसटणे किंवा दोनदा उमटणे कमी होत असावे, आणि दिवसभर बसणाऱ्यास हायसेही वाटते. आम्ही काही आठवडे तो वापरून पाहिला. हात सुखावला, वेग मात्र होता तेथेच राहिला. २०१८ साली आल्टो व केंब्रिज विद्यापीठांच्या संशोधकांनी १ लाख ६८ हजार स्वयंसेवकांचे टंकलेखन तपासले. जलद टंकलेखक चुकाही कमी करतात, आणि एक कळ सुटण्याआधीच त्यांचे दुसरे बोट पुढच्या कळीवर पडलेले असते, असे त्यांना आढळले. हे कसब खटक्यात नसते, सरावात असते.

कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेत इंग्रजीला मिनिटाला ३५ शब्द आणि हिंदीला ३० शब्द लागतात. त्या पाच शब्दांच्या फरकात आम्हांस नागरीचा हा सारा प्रवास दिसतो. उमेदवाराने महागड्या कीबोर्डासाठी कर्ज काढू नये. एकच मांडणी धरून रोज तासभर बसावे. आणि अधिकाऱ्यांनी पुन्हा कधी मांडणी बदलायची झाल्यास जुन्या बोटांना शिकायला अवधी द्यावा. कळ बदलायला क्षण पुरतो, हात घडायला वर्षे लागतात, एवढेच आमचे नम्र सांगणे.