ट्रूथ अँड बास

एमसी तोडफोड या नावाने गाणारा मुंबईचा रॅपर धर्मेश परमार याचा पहिला स्वतंत्र अल्बम. तो मार्च 2022 मध्ये आला आणि त्याच महिन्याच्या 20 तारखेला, अवघ्या 24 व्या वर्षी, धर्मेश गेला.

नायगावच्या बीडीडी चाळीतला हा मुलगा प्रामुख्याने गुजरातीतून रॅप करी. त्याच्या ‘स्वदेसी’ या बहुभाषिक गटात मराठीची बाजू एमसी मवालीकडे होती. मुंबईतले आरेचे जंगल वाचवण्यासाठी या गटाने आदिवासी कार्यकर्ते-गायक प्रकाश भोईर यांच्यासह केलेले ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे गाजले. बहुसंख्य श्रोत्यांना मात्र धर्मेश ठाऊक झाला तो ‘गली बॉय’ (2019) चित्रपटातल्या ‘इंडिया 91’ या गाण्यामुळे. ती ओळख तशी अपुरीच. जमीन, जात आणि सत्ता यांवर बोलणारा त्याचा रॅप चित्रपटाच्या चौकटीत मावणारा नव्हता.