किती आत गेले, किती जगले?

आमच्या दौलताबादचा किल्ला पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना मी नेहमी सांगतो, इथे नुसते तट पाहू नका, वाटा पाहा. अंबरकोट, महाकोट, काळाकोट असे एकात एक कोट, मग खडकात खोदलेला खंदक आणि त्यापुढे अंधारी. १६३३ साली महाबतखानाच्या मोगल फौजेने अंबरकोटाखाली सुरुंग उडवून खिंडार पाडले आणि पुढे किल्ला घेतला. सुरुंगाने पडलेला तट आपला आपण सांधत नाही, हे सांगायला नकोच.

पण सांधणारा तटही असतो, हे मला माझ्या भाचीकडून कळले. ती पुण्याला जीवशास्त्र शिकते. जिवंत पेशीच्या पातळ पटलाला विजेच्या क्षणिक झटक्याने बारीक छिद्रे पाडतात, हवा तो रेणू आत शिरू देतात आणि काही मिनिटांत पटल पुन्हा मिटते, असे ती म्हणाली. याला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात. मी पडलो इतिहासाचा मास्तर. हे कुणाला कळले, आणि कळले म्हणजे नेमके कसे, हे शोधल्याशिवाय मला चैन पडेना. वाचले ते तुमच्यापुढे ठेवतो.

पेशीपटलाची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर. ते तेलकट असल्याने पाण्यात विरघळणारे मोठे रेणू त्यातून सहजी जात नाहीत. आता गंमत पाहा. या पटलाच्या दोन बाजूंत अवघ्या एका व्होल्टचा फरक पडला, तरी जाडी इतकी कमी की तो ताण सेंटीमीटरच्या हिशेबात २० लाख व्होल्ट होतो! पटल टिकणार कसे? म्हणूनच झटका सेकंदाच्या काही दशलक्षांश किंवा हजारांश भागाइतकाच द्यायचा.

वीज आणि सजीव यांचे नाते जुने. गॅल्व्हानीने बेडकाच्या पायांवरचे प्रयोग १७९१ मध्ये छापले. पण पटलाचे काय होते, हा प्रश्न फार पुढचा. १९५८ मध्ये श्टेम्फली यांनी बेडकाच्या मज्जातंतूवर दाखवले, की विजेने पटल फुटते, पण काही वेळा ते पूर्ववतही होते. १९६७ मध्ये सेल आणि हॅमिल्टन यांनी विजेच्या झटक्यांनी जिवाणू मारले आणि ते उष्णतेने नव्हे, तर पटल निकामी झाल्याने मरतात, असा निष्कर्ष काढला. १९७२ मध्ये नॉयमान आणि रोझेनहेक यांनी झटक्याने सूक्ष्म पिशव्यांतले द्रव्य बाहेर काढून दाखवले.

बाहेर येते, तर आतही जाईल. पण गेले हे मोजायचे कसे?

१९८२ मध्ये नॉयमान आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या अशा पेशी घेतल्या, ज्यांत एक ठरावीक जनुक नव्हते. ते जनुक भोवतालच्या द्रवात सोडले आणि झटके दिले. मग पेशींना असे खाद्य दिले, की ज्यांच्यात जनुक शिरून टिकले त्याच जगाव्यात. दहा लाख पेशींमागे सुमारे ९५ वसाहती उगवल्या. जनुक शिरले आणि पेशीही जगली, या दोन्हींचा हिशेब एकाच मोजणीत झाला.

आता रंगद्रव्यानेही मोजतात. भाचीने सांगितलेले एक रंगद्रव्य धड पेशीत शिरत नाही, पण शिरून डीएनएला चिकटले की चमकते. झटक्याच्या वेळी ते घातले, तर किती पेशी उघडल्या ते कळते. तेच काही वेळाने, पटल मिटल्यावर घातले, तर तेव्हाही चमकणाऱ्या पेशी म्हणजे न सांधलेल्या, मेलेल्या. झटका कमी पडला तर काही शिरत नाही, जास्त झाला तर पेशी मरते.

हे सगळे करायला काचेच्या भांड्यात जिवंत पेशी वाढवता यायला हव्यात. ती विद्या आपल्याकडे रुजवणाऱ्यांत एक पुणेकर बाई होत्या : डॉ. कमल रणदिवे. जन्म १९१७ चा, वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक. अमेरिकेत त्यांनी जॉर्ज गाय यांच्याकडे काम केले. हेला नावाची प्रसिद्ध पेशीमालिका गाय यांच्याच प्रयोगशाळेतली. परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात बाईंनी देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. नॉयमान यांचा निबंध आला त्याच १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आज पुण्यातल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवल्या जातात.

आणि याचा उपयोग? ब्लिओमायसिन हे कर्करोगाचे औषध पेशीत फार थोडे शिरते. शिरले, तर काहीशे रेणूही पेशीला पुरे होतात. फ्रान्समध्ये लुई मीर आणि सहकाऱ्यांनी ते आधी पेशींवर मोजले, आणि १९९१ मध्ये रुग्णांवरच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष छापले : औषध टोचायचे आणि गाठीला झटके द्यायचे. आता त्वचेवरच्या गाठींसाठी युरोपात ही पद्धत रुळली आहे.

गॅल्व्हानीपासून इथवर दोनशे वर्षे लागली. वीज तर सगळ्यांकडे होती. पण रोग्याच्या अंगावर झटका देण्याआधी, किती आत गेले आणि किती जगले, हे कुणीतरी भांड्यातल्या पेशींवर मोजून ठेवावे लागले. बातमीत रोगी बरा झाल्याचे येते, हे मोजणारे हात येत नाहीत.

असो. वाचकांपैकी कुणी रणदिवेबाईंच्या हाताखाली शिकले असेल, तर जरूर लिहा. बाई प्रयोगशाळेत कशा वागत, हे मला ऐकायचे आहे.