तंबूतल्या माणसांनी बांधलेला रस्ता

ऑस्ट्रेलियात गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, आणि या एका गोष्टीने ग्रेट ओशन रोडच्या सहलीची दिशा ठरून जाते. मेलबर्नहून भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन टॉर्की गाठायचे आणि तिथून पश्चिमेला वळायचे. समुद्र दक्षिणेला, म्हणजे डाव्या हाताला, आणि आपली मार्गिकाही त्याच बाजूची. शेजारच्या सीटवर बसलेल्याची चंगळ होते. चालवणाऱ्याला मात्र वळणांवरून नजर काढता येत नाही. ॲलन्सफोर्डपर्यंत सुमारे २४० किलोमीटरचा हा रस्ता कधी पाण्याला खेटून, कधी ऑटवे डोंगरातल्या दाट झाडीतून जातो.

टॉर्की सोडल्यावर काही वेळाने इस्टर्न व्ह्यूजवळ रस्त्यावर एक लाकडी कमान लागते. जवळजवळ प्रत्येक व्हॅन इथे थांबते, फोटो निघतात, चहाचा थर्मास उघडतो. कमानीवर रस्त्याचे नाव आहे, त्यामुळे पुष्कळांना ती पर्यटन खात्याने लावलेली पाटी वाटते. ती एका युद्धस्मारकाची वेस आहे. स्मारक म्हणजे पुढचा रस्ता. जगातले सर्वांत मोठे युद्धस्मारक अशी त्याची ख्याती आहे.

रस्ता नव्हता तेव्हा या किनाऱ्यावरची गावे जमिनीपेक्षा समुद्रालाच अधिक जवळची होती. लॉर्नला जायचे तर बोटीने, नाहीतर डोंगर ओलांडून घोड्यांच्या कोचगाडीने हाडे खिळखिळी करून घेत. तरीही माणसे हौसेने जात. मुंबईत जन्मलेला रडयार्ड किपलिंग १८९१ साली लॉर्नला जाऊन आला होता. बोटीचा मार्ग काही सुखाचा नव्हता. इंग्लंडहून मेलबर्नला निघालेले 'लॉक आर्ड' हे शिडाचे जहाज १८७८च्या जूनमध्ये पुढे पश्चिमेच्या कड्यांवर फुटले. त्यावरच्या ५४ जणांपैकी फक्त दोघे वाचले. नंतर रस्त्याचे सर्वेक्षण करणाऱ्यांना हा किनारा निर्जन रान वाटला खरा, पण ऑटवेचा मुलूख हजारो वर्षे गडुबानुड लोकांचा होता. रस्त्याच्या गौरवकथेत त्यांचे नाव फार उशिरा आले.

पहिले महायुद्ध संपत आले तसा ऑस्ट्रेलियापुढे दुहेरी प्रश्न उभा राहिला. पन्नास लाखांहून कमी वस्तीच्या या देशाने सुमारे ६० हजार तरुण गमावले होते. जे परतत होते त्यांच्या हाताला काम हवे होते. व्हिक्टोरिया राज्याच्या रस्ते मंडळाचे अध्यक्ष विल्यम काल्डर यांनी १९१७ मध्येच राज्याच्या युद्ध परिषदेकडे या सैनिकांना रस्त्यांच्या कामावर घेण्यासाठी पैसे मागितले. किनाऱ्याच्या रस्त्याचा आराखडाही त्यांनी पुढे केला. तो उचलून धरला जिलाँगचे महापौर हॉवर्ड हिचकॉक यांनी. १९१८ मध्ये या रस्त्यासाठी ट्रस्ट स्थापन झाला, हिचकॉक अध्यक्ष झाले आणि स्वतःच्या खिशातून त्यांनी ३,००० पौंड घातले.

हिचकॉक यांना हा रस्ता मृतांचे स्मारक म्हणून हवा होता आणि पर्यटकांना ओढणारा रस्ता म्हणूनही. त्यांना त्यात विसंगती दिसली नाही. आज कमानीखाली सेल्फी काढणाऱ्यांकडे पाहून नाके मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे: शोक आणि सहल इथे पहिल्या दिवसापासून एकाच खतावणीत मांडलेली आहेत.

१९१८च्या ऑगस्टमध्ये आखणी सुरू झाली. झाडी इतकी दाट की महिन्याला तीनेक किलोमीटरच पुढे सरकता येई. प्रत्यक्ष कामाला १९ सप्टेंबर १९१९ रोजी हात लागला. पुढच्या तेरा वर्षांत सुमारे ३,००० माजी सैनिक या कामावर राबले. हत्यारे म्हणजे कुदळ, फावडे, सुरुंगाची दारू आणि ढकलगाड्या. कड्याला वरून भोके पाडायची, सुरुंग उडवायचा, पडलेला दगड हाताने बाजूला करायचा. खंदकांतून आलेल्यांना स्फोटाचा आवाज नवा नव्हता, पण तो त्यांना कसा लागत असेल याचा विचार तेव्हा कोणी केलेला दिसत नाही. काहींचा या कामावर जीवही गेला.

आठ तासांच्या दिवसाला मजुरी साडेदहा शिलिंग, शनिवारी अर्धा दिवस काम. राहायला तंबू. जेवायला मोठा सामाईक मांडव आणि स्वयंपाकघर, त्याचा खर्च आठवड्याला दहा शिलिंगांपर्यंत, म्हणजे जवळपास एका दिवसाची कमाई. छावणीत पियानो होता, ग्रामोफोन होता, वर्तमानपत्रे आणि मासिके येत. समुद्राकाठी कापडाच्या भिंतीआड मुक्काम, सकाळी चूल आणि रात्री गाणे. आज ज्याला कॅम्पिंगची मजा म्हणतात तिचा सगळा सरंजाम इथे होता, फक्त मधले आठ तास कुदळीचे होते.

या छावणीची सर्वांत लाडकी गोष्ट १९२४ची. 'कॅसिनो' नावाची आगबोट केप पॅटनजवळ खडकाला लागली. बोट हलकी करण्यासाठी बियरची ५०० पिंपे आणि दारूच्या १२० पेट्या समुद्रात ढकलाव्या लागल्या. लाटांनी हा माल किनाऱ्यावर आणून टाकला, आणि किनाऱ्यावर कोण होते हे वेगळे सांगायला नको. काम म्हणे दोन आठवडे बंद होते. या दोन आठवड्यांत सांगणाऱ्यांनी थोडी भर घातली असेलही, पण पिंपे खरी होती.

नावे ठेवण्यातही या माणसांनी युद्ध मागे टाकले नाही. एका घळीला त्यांनी म्हटले श्रॅपनेल गली, एका खडकाळ टोकाला आर्टिलरी रॉक्स. श्रॅपनेल गली हे गॅलिपोलीच्या रणभूमीवरचे नाव. तुर्कस्तानात ज्या नावाच्या घळीतून ते गोळ्या चुकवत गेले, तेच नाव त्यांनी मायदेशातल्या घळीला दिले. वळणे घेत जाणाऱ्या पर्यटकाला त्या नावाची पाटी दिसते न दिसते तोच मागे पडते.

इस्टर्न व्ह्यू ते लॉर्न हा पहिला टप्पा १८ मार्च १९२२ रोजी खुला झाला. मेमध्ये उरलेल्या कामासाठी तो बंद झाला आणि डिसेंबरमध्ये पुन्हा उघडला तो टोलनाक्यासकट: मोटारीला दोन शिलिंग, दोनपेक्षा जास्त घोड्यांच्या गाडीला दहा. कित्येक ठिकाणी एकावेळी एकच गाडी जाईल एवढीच रुंदी होती. समोरून दुसरी आली की कोणीतरी मागे सरकत जायचे, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला समुद्र ठेवून.

लॉर्न ते अपोलो बे हा टप्पा पुरा झाला तेव्हा, २६ नोव्हेंबर १९३२ रोजी, राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर सर विल्यम आयर्विन यांच्या हस्ते लॉर्नमध्ये उद्घाटन झाले. हिचकॉक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हृदयविकाराने गेले होते. मिरवणुकीत आयर्विन यांच्या मोटारीमागून हिचकॉक यांची मोटार त्यांच्याविना चालवली गेली. चार वर्षांनी, १९३६ मध्ये, ट्रस्टने रस्ता राज्य सरकारच्या हवाली केला आणि टोल बंद झाला. मराठी वाचकाला हे पुन्हा वाचावेसे वाटेल, पण टोल खरोखरच बंद झाला.

व्हॅनवाले आले ते युद्धापासून दोन पिढ्या दूर होते. फोक्सवॅगनची ती बोथट नाकाची गाडी जर्मनीत १९५० साली बनू लागली. ऑस्ट्रेलियात तिला कॉम्बी म्हणतात. १९६२ पासून टॉर्कीजवळच्या बेल्स बीचवर सर्फिंगची स्पर्धा भरू लागली आणि टपावर फळ्या बांधलेल्या गाड्यांची रीघ लागली. लाट कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून तिच्या उशाशी झोपायचे, एवढा साधा हिशेब. १९६९ साली याच छोट्या गावात रिप कर्ल आणि क्विकसिल्व्हर या सर्फिंगच्या सामानाच्या दोन कंपन्या निघाल्या.

टूर बस मात्र बहुतेक वेळा हे सगळे खिडकीतून दाखवत थेट पश्चिमेला ट्वेल्व्ह अपॉसल्स या चुनखडीच्या सुळक्यांकडे धावतात. ते अपोलो बेच्याही पलीकडे आहेत, म्हणजे १९३२ साली ज्याचे उद्घाटन झाले तो रस्ता संपल्यावर. आणि तिथला दगड फार भरवशाचा नाही. जानेवारी १९९० मध्ये लंडन ब्रिज नावाच्या खडकाची कमान कोसळली आणि दोन पर्यटक समुद्रातल्या तुकड्यावर अडकले, त्यांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. जुलै २००५ मध्ये ५० मीटरचा एक सुळका उभ्या उभ्या खचला.

पूर्वेकडचे संकट वणव्यांचे. इस्टर्न व्ह्यूची कमान १९८३च्या 'ॲश वेन्सडे'च्या आगीत जळाली, आजची त्यानंतर उभारलेली. २०१५ च्या नाताळच्या दिवशी वाय रिव्हर आणि शेजारच्या सेपरेशन क्रीक या गावांमधली ११६ घरे खाक झाली. २०११ साली रस्त्याची राष्ट्रीय वारसा यादीत नोंद झाली, तरी डोंगर त्याच्यावर दरड टाकायचा थांबलेला नाही.

कॅम्परव्हॅनवाल्याला संध्याकाळी वेगळाच नियम भेटतो. किनाऱ्यालगतच्या वाहनतळांवर रात्र काढायला मनाई आहे आणि तशा पाट्या जागोजागी आहेत. मुक्काम करायचा तर लॉर्न, वाय रिव्हर किंवा केनेट रिव्हरच्या कॅम्पिंगच्या जागेत पैसे भरून, विजेची तार जोडून. सुट्टीच्या दिवसांत जागा आधी राखून ठेवावी लागते. रात्री तिथे व्हॅनशेजारी घडीच्या खुर्च्या मांडल्या जातात, शेगडीवर काहीतरी शिजते, कोणाच्या तरी स्पीकरवर गाणे असते.