कंपवाताच्या औषधाचा इतिहास
(नभोवाणीवरील भाषण)



आज मी आपणांस एका रोगाच्या औषधाचा इतिहास सांगणार आहें. मी वैद्य नाहीं, डॉक्टर नाहीं; शाळेंत इतिहास व मराठी शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. तेव्हां या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असें कोणी विचारील, तर तो प्रश्न रास्तच होय. माझें उत्तर असें कीं, या रोगानें पीडलेल्या एका सज्जनाशीं मी अन्यायानें वागलों आणि त्या अन्यायाच्या मुळाशीं माझें अज्ञान होतें. तें दूर करण्यासाठीं पुढें जें वाचलें, त्याचाच गोषवारा आपणांपुढें ठेवीत आहें.

आमच्या शाळेंत चित्रकलेचे एक शिक्षक होते. आम्ही त्यांना ड्रॉइंगमास्तर म्हणत असूं. शाळेच्या दरवाजापाशीं असलेल्या मोठ्या फळ्यावर रोज सकाळीं सुविचार लिहिण्याचें काम त्यांचें. अक्षर इतकें सुरेख कीं, मुलें तें पाहून कित्ता गिरवीत. पुढें पुढें तें अक्षर बारीक होऊं लागलें. ओळीच्या आरंभीं ठसठशीत असलेलीं अक्षरें ओळ संपेपर्यंत मुंगीएवढीं होत. एके दिवशीं सर्वांदेखत मीं त्यांना म्हटलें, "मास्तर, खडू वांचवितां काय? मागच्या मुलांना दिसत नाहीं." ते कांहीं बोलले नाहींत, हंसलेही नाहींत. अलीकडे त्यांचा चेहरा नेहमींच तसा निर्विकार असे. माणूस घुम्या झाला, कामाचा कंटाळा करूं लागला, असा मीं ग्रह करून घेतला. दोन वर्षांनीं त्यांचा उजवा हात थरथरूं लागला आणि डॉक्टरांनीं रोगाचें नांव सांगितलें : कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा रोग. अक्षर लहान होणें, चेहरा निर्विकार होणें, हीं त्याच रोगाचीं लक्षणें असून हाताला कंप सुटण्याच्या आधींही तीं दिसूं शकतात, हें मला तेव्हां समजलें.

रोगाचें कारण ठाऊक नसलें कीं दोष रोग्याच्या माथीं येतो. कोणी त्याच्या स्वभावाला नांवें ठेवतो, कोणी वयाला, कोणी पूर्वकर्माला. म्हणून हें कारण कसें सांपडलें, याचा इतिहास मला केवळ वैद्यकाचा इतिहास वाटत नाहीं.

आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत वेपथु, कंपवात हीं नांवें आढळतात. म्हणजे हा रोग आपल्या पूर्वजांच्या नजरेस पडला होता. युरोपांत त्याचें पहिलें सुसंगत वर्णन जेम्स पार्किन्सन यांनीं केलें. लंडनच्या हॉक्स्टन भागांत व्यवसाय करणारे हे डॉक्टर. १८१७ सालीं त्यांनीं या 'थरथरत्या पक्षाघाता'वर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यांत अवघ्या सहा रोग्यांची हकीकत आहे, आणि त्यांतील कांहीं तर त्यांनीं केवळ रस्त्यांत पाहिलेले. पुढें वांकलेलें शरीर, चालतां चालतां पळूं लागणारीं पाउलें, विश्रांतींतही कांपणारा हात, हें सर्व त्यांनीं बारकाईनें टिपलें. बुद्धि मात्र शाबूत राहते, असेंही त्यांनीं नमूद केलें. पुढें पॅरिसच्या सालपेत्रियेर रुग्णालयांतील विख्यात डॉक्टर शार्को यांनीं या रोगाला पार्किन्सन यांचेंच नांव दिलें.

नांव मिळालें तरी कारण अंधारांतच होतें. १९१२ सालीं फ्रीडरिश लेवी यांना अशा रोग्यांच्या मेंदूंतील पेशींत सूक्ष्म गोळे दिसून आले. १९१९ सालीं पॅरिस येथें त्रेत्याकोफ यांनीं दाखविलें कीं, मेंदूच्या तळाशीं काळपट रंगाचा जो एक चिमुकला पट्टा असतो, तो या रोगांत फिकट पडलेला असतो, कारण तेथील पेशी मेलेल्या असतात. रोगाचें ठिकाण सांपडलें; परंतु त्या पेशी करतात काय, हें कोणालाच सांगतां येईना. हें कोडें सुटण्यास आणखी चाळीस वर्षें लागलीं, आणि तें उलगडणारा धागा भलत्याच ठिकाणाहून, एका हिंदी वनस्पतीपासून निघाला.

ती वनस्पति सर्पगंधा. तिच्या मुळ्या सर्पदंशावर व उन्मादावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देत आले आहेत. १९३१ सालीं गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद व वाढलेला रक्तदाब यांवर तिचा गुण येतो, असें प्रसिद्ध केलें. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनीं पन्नास रोग्यांवरील आपला अनुभव १९४९ सालीं इंग्लंडांतील हृदयरोगविषयक मासिकांत छापला, तेव्हां पाश्चात्य जगाचें लक्ष या मुळीकडे वेधलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें बाझल येथें सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनीं तिच्यांतून रिसर्पीन नांवाचें द्रव्य वेगळें काढलें. तें रक्तदाबावर व मनोरुग्णांवर सर्रास वापरलें जाऊं लागलें. मग एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत आली. तें घेणाऱ्या कित्येक रोग्यांची हालचाल मंदावे, अंग ताठरे, हात कांपूं लागत. थोडक्यांत, त्यांना कंपवातासारखाच विकार जडे. आणि औषध थांबविलें कीं तो नाहींसा होई.

स्वीडनमध्यें लुंड येथील अर्विद कार्लसन यांनीं हा धागा पकडला. त्यांनीं सशांना रिसर्पीन टोंचलें. ससे कान पाडून निश्चल बसले. मग त्यांनीं त्याच सशांना डोपा नांवाचें द्रव्य टोंचलें. थोड्याच वेळांत ससे कान टवकारून हिंडूं लागले! १९५७ सालीं हा प्रयोग प्रसिद्ध झाला. शरीरांत डोपापासून डोपामीन नांवाचा रेणु बनतो. एक मज्जापेशी दुसरीला निरोप धाडते, तो निरोप पोंचविणारा हा जासूद. रिसर्पीननें पेशींतील जासुदांचा साठाच रिता केला होता, आणि डोपानें तो पुन्हां भरून काढला. मेंदूंत हें डोपामीन सर्वत्र सारखें नसून हालचालींचें नियमन करणाऱ्या भागांत विशेष एकवटलेलें असतें, हेंही कार्लसन यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. पुष्कळ विद्वानांनीं आरंभीं मान हलवून शंका घेतली. कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळालें तें २००० सालीं.

आतां खरी कसोटी माणसाच्या मेंदूची होती. ती व्हिएन्ना येथें ओलेह हॉर्निकिविच यांनीं लाविली. त्यांनीं व एऱ्हिंगर यांनीं कंपवातानें मेलेल्यांचे व इतरांचे मेंदू मिळवून त्यांतील डोपामीन मोजलें. रासायनिक प्रक्रियेनें निरोगी मेंदूच्या अर्काला गुलाबी छटा येई. कंपवाताच्या मेंदूच्या अर्काला ती जवळजवळ येतच नसे. जें शंभर वर्षें कोणाच्या कल्पनेंतही आलें नव्हतें, तें परीक्षानळींत नुसत्या डोळ्यांनीं दिसलें! हें १९६० सालीं प्रसिद्ध झालें. पुढल्याच वर्षीं हॉर्निकिविच यांच्या सांगण्यावरून बर्कमायर या डॉक्टरांनीं कंपवाताच्या रोग्यांच्या शिरेंत डोपा टोंचलें. ज्यांना अंथरुणांत उठून बसतां येत नव्हतें, ते उठले, चालले. हा परिणाम कांहीं तासांपुरताच टिके. परंतु तो दिसला, हेंच विशेष.

येथें कोणी विचारील, डोपामीनच कमी आहे, तर तेंच कां देऊं नये? उत्तर असें कीं, रक्त व मेंदू यांच्या दरम्यान एक प्रकारचा जकातनाका आहे. डोपामीन तेथें अडविलें जातें. डोपाला मात्र परवाना आहे. तें नाका ओलांडून मेंदूंत शिरतें आणि मग तेथें त्याचें डोपामीन होतें. हें द्रव्य कांहीं नवें नव्हतें. मार्कुस गुगेनहाइम या रसायनशास्त्रज्ञानें १९१३ सालींच तें एका जातीच्या शेंगांतून काढलें होतें व स्वतः गिळूनही पाहिलें होतें. त्याला ओकाऱ्या झाल्या आणि द्रव्य कपाटांत पडून राहिलें. १९६७ सालीं अमेरिकेंत जॉर्ज कोत्सियास यांनीं अत्यल्प मात्रेपासून सुरुवात करून ती दिवसेंदिवस सावकाश वाढवीत नेली, तेव्हां तें पोटांतून देणेंही साधलें. पुढें वाटेंत होणारी त्याची नासाडी रोखणारें दुसरें औषध जोडीला मिळालें, व मात्रा पूर्वींच्या सुमारें एक चतुर्थांश पुरूं लागली. आजही कंपवाताचें प्रमुख औषध हेंच आहे.

आपल्या शेताच्या बांधावरची खाजकुयली सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या बियांत हेंच डोपा असतें. दामोदरन व रामस्वामी यांनीं मद्रास येथें तें १९३७ सालीं वेगळें काढून दाखविलें होतें. २००४ सालीं लंडन येथें आठ रोग्यांवर या बियांच्या चूर्णाचा प्रयोग झाला, व त्याचा गुण नेहमींच्या गोळीपेक्षां लवकर आला. हें ऐकून आपल्यापैकीं कोणी म्हणतील कीं, मग सर्व शोध आमच्या परसांतच होता! मला हा अभिमान पुरता पटत नाहीं. सर्पगंधा आपली, खाजकुयलीही आपली. आणि तिच्यांतील डोपा मद्रासच्या प्रयोगशाळेंत हातीं आल्यावरही रोगाशीं त्याचें नातें जुळावयास चोवीस वर्षें लागलीं. कारण काय कमी पडतें, हें तोपर्यंत कोणी मोजलेंच नव्हतें. आणि याच्या उलट, आपल्या मुळीवांचून तो सशांवरील प्रयोगही झाला नसता. वैद्यांचा अनुभव व प्रयोगशाळेंतील मोजमाप यांची गांठ पडली तेव्हां औषध जन्मास आलें. दोहोंपैकीं एकाचें श्रेय दुसऱ्यानें हिरावून घेऊं नये. मात्र एक सूचना अवश्य देतों. बियांतील डोपाचें प्रमाण कमीअधिक असतें. तेव्हां घरच्या घरीं चूर्ण घेण्याचें धाडस कोणी करूं नये, आणि चालूं असलेली गोळी स्वतःच्या मतानें बंद करूं नये.

ही कथा येथेंच सुखान्त संपली असती तर किती बरें झालें असतें! परंतु डोपानें उणीव भरून निघते. पेशी मरावयाच्या कांहीं थांबत नाहींत. फुटक्या हौदांत पाणी ओतीत राहावें, तसा हा प्रकार आहे. कांहीं वर्षांनीं औषधाचा प्रभाव कमी वेळ टिकूं लागतो, व कित्येकांस अंगाला नकोशा हालचालींचा त्रास होतो. म्हणून पेशी मरतात कां, हा प्रश्न पुन्हां उभा राहतो.

त्याच्या उत्तराचा आरंभ १९९७ सालीं झाला. दक्षिण इटलींतून आलेल्या एका मोठ्या घराण्यांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. त्याचा शोध घेतां आढळलें कीं, आल्फा-सिन्यूक्लीन नांवाच्या प्रथिनाच्या साखळींत १४० कड्या असतात, आणि या घराण्यांत त्यांतील ५३ वी कडी तेवढी बदललेली आहे. त्याच वर्षीं दुसरा शोध लागला कीं, लेवी यांना १९१२ सालीं दिसलेले गोळे याच प्रथिनाच्या गुंत्याचे बनलेले असतात, आणि हे गोळे ज्यांच्या घराण्यांत रोग नाहीं, अशा रोग्यांतही असतात. पंच्याऐंशी वर्षांनीं एका जुन्या निरीक्षणाचा अर्थ लागला. २००८ सालीं आणखी एक गोष्ट उघडकीस आली. कित्येक वर्षांपूर्वीं कांहीं रोग्यांच्या मेंदूंत गर्भांतील पेशींचें रोपण केलें होतें. त्या तरुण पेशींतही हे गोळे आढळले. म्हणजे विकार एका पेशींतून दुसरींत पसरत असावा, असा तर्क बळावला.

या प्रथिनाला पकडून बाहेर काढणारीं औषधें करून पाहिलीं गेलीं. अशा दोन औषधांचे निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाले, आणि दोन्हींचा मुख्य हेतु साधला नाहीं. २०२५ सालीं जपानांत क्योटो येथील संशोधकांनीं प्रयोगशाळेंत वाढविलेल्या पेशींचें सात रोग्यांत रोपण केल्याचा वृत्तांत दिला. उपाय निर्धोक ठरला व कांहींना गुणही आला. परंतु सातांवरून हजारोंचा निवाडा होत नाहीं. ज्या इतिहासांत चाळीस-चाळीस वर्षांचीं अंतरें आहेत, त्यांत एका अपयशानें खचावें अथवा एका यशानें हुरळून जावें, असें मला वाटत नाहीं.

आमचे ड्रॉइंगमास्तर आतां हयात नाहींत. निवृत्तीनंतर मी त्यांच्या घरीं जात असें. एके दिवशीं मीं फळ्याची ती गोष्ट काढली व क्षमा मागितली. ते म्हणाले, "अहो, त्या वेळीं मला तरी कोठें ठाऊक होतें? मीच रोज स्वतःवर रागावत असें, कीं आपण आळशी झालों!" रोग्याला स्वतःचाच दोष वाटावा, याहून वाईट तें काय? गोळी घेतल्यावर सुमारें दोन तास त्यांचा हात मोकळा होई. तेवढ्या वेळांत ते चित्रें काढीत. त्यांनीं काढलेलें आमच्या शाळेच्या दरवाजाचें चित्र माझ्या भिंतीवर आहे. त्यांत तो फळाही आहे, आणि त्यावरचीं अक्षरें ओळीच्या शेवटपर्यंत सारखीं आहेत.

आपल्या घरीं, शेजारीं वा कचेरींत एखाद्याचें अक्षर बारीक होऊं लागलें, चालतांना एक हात हलेनासा झाला, चेहऱ्यावरचें हंसूं मावळलें, तर त्याला बोल लावण्यापूर्वीं मज्जाविकारांच्या डॉक्टरांकडे न्यावें, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.