वापराधारित मोटार विमा

वापराधारित मोटार विमा : गाडी वर्षभरात किती धावली किंवा कशी चालवली गेली, यावरून हप्ता ठरवणारा विमाप्रकार. प्रचलित पद्धतीत हप्ता गाडीचे मॉडेल, वय, इंजिनाची क्षमता, नोंदणीचे ठिकाण व विमाघोषित मूल्य यांवरून ठरतो. गाडी रोज रस्त्यावर असते की आच्छादनाखाली उभी असते, याचा त्यात विचार नसतो. अपघाताची शक्यता धावेबरोबर वाढते, मग हप्ता धावेशी का जोडू नये, असा युक्तिवाद अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६८ मध्ये केला होता. भारतात विमा नियामक व विकास प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ‘पे अ‍ॅज यू ड्राइव्ह’ आणि ‘पे हाउ यू ड्राइव्ह’ या दोन्ही प्रकारांना पूरक संरक्षण म्हणून परवानगी दिली. पहिल्यात किलोमीटर मोजले जातात, दुसऱ्यात चालवण्याची पद्धत. सवलत मात्र केवळ स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सक्तीचा असलेला तृतीय पक्ष विमा तसाच राहतो. समजा, १,२०० सीसीच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता ४,००० रुपये आहे. १ जून २०२२ च्या दराने तृतीय पक्षाचे ३,४१६ रुपये त्यात मिळवले, तर २० टक्के सवलतीचे ८०० रुपये एकूण रकमेच्या जेमतेम ११ टक्के भरतात.

दोन्ही प्रकार एकाच नावाखाली येत असले, तरी न्याय्यतेच्या दृष्टीने ते सारखे नाहीत. किलोमीटरचा आकडा डॅशबोर्डवर मालकालाही दिसतो आणि त्यावर वाद झाला तर तपासता येतो. चालवण्याचे गुण मात्र मोबाइलमधील किंवा गाडीत बसवलेल्या यंत्रातील संवेदक देतात; अचानक लागलेला ब्रेक तेवढा नोंदवला जातो, त्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यात हा फरक ठळकपणे जाणवतो. इथे औद्योगिक वसाहत, विमानतळ आणि जालना रोडची वाहतूक एकमेकांना लागून आहेत. केंब्रिज चौकाकडे जाताना मालट्रक, कंपनीच्या बस आणि मध्येच वळणारी रिक्षा यांच्यात सावध चालकालाही जोरात ब्रेक दाबावा लागतो. त्याने अपघात टाळलेला असतो. यंत्र मात्र गुण कापते. अमेरिकेतील प्रोग्रेसिव्ह कंपनीच्या ‘स्नॅपशॉट’ योजनेत मध्यरात्र ते पहाटे चार या वेळेतील प्रवास जोखमीचा धरला गेला. तोच निकष इथे जसाच्या तसा लावला, तर सेकंड शिफ्ट संपवून मध्यरात्रीनंतर घरी निघालेल्या कामगाराला कंपनीच्या वेळापत्रकाचा भुर्दंड पडेल.

यावर आक्षेप असा, की रात्रीचा प्रवास खरोखरच अधिक धोक्याचा असतो आणि विमा म्हणजे जोखमीचा हिशेब, चारित्र्याचा दाखला नव्हे. पण याच विम्याची शिफारस ‘चांगले चालवा, कमी भरा’ अशी केली जाते. ज्या गोष्टी चालकाच्या हाती नाहीत त्यांचे गुण कापल्याने चालवणे सुधारत नाही, फक्त हप्ता वाढतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : वर्षाला ५,००० किलोमीटर बेदरकारपणे धावणारी गाडी १०,००० किलोमीटर जपून चालवलेल्या गाडीहून स्वस्त का पडावी? तो मान्य केला, तरी त्यातून सरसकट पाळत समर्थनीय ठरत नाही. वेगमर्यादा ओलांडणे आणि चालवताना मोबाइल हाताळणे या चालकाच्या स्वतःच्या निवडी आहेत, त्या मोजाव्यात. ब्रेक आणि घड्याळ यांना तो न्याय लागू होत नाही.

उरतो माहितीचा प्रश्न. अमेरिकेत जनरल मोटर्सने चालकांच्या सवयींची माहिती ग्राहकांच्या पुरेशा संमतीविना मध्यस्थांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत जाऊ दिल्याचे २०२४ मध्ये उघड झाले; जानेवारी २०२५ मध्ये तेथील संघीय व्यापार आयोगाने त्यावर कारवाई जाहीर केली. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ संमतीचा आग्रह धरतो. तथापि सवलतीच्या आशेने मोबाइलवर दाबलेले ‘मान्य’ ही समजून दिलेली संमती असतेच असे नाही. म्हणून किलोमीटरवर आधारित प्रकार आजच स्वीकारार्ह आहे. वर्तनावर आधारित प्रकार मात्र गुणांचे सूत्र उघड असेल, कापलेल्या गुणांविरुद्ध दाद मागता येत असेल आणि गुण केवळ सवलत देण्यासाठी वापरले जाणार असतील, तरच ग्राहकाच्या हिताचा ठरतो.